फोटॉनिक क्रिस्टलमधल्या डिफेक्टवर प्रोजेक्ट घेतलाय? मग कोड उघडायच्या आधी हे वाचा

एमएस्सी पार्ट टूचे प्रोजेक्ट वाटले की "फोटॉनिक क्रिस्टलमध्ये डिफेक्ट टाकल्यावर लाइटच्या ट्रान्समिशनवर काय परिणाम होतो" हा विषय कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतोच. सर म्हणतात सोपा आहे, कॉम्प्युटरवरच होतो, केमिकल लागत नाही. मग पोरगं कोल्हापुरात विद्यानगरातनं राजारामपुरीतल्या मेसवर येईस्तोवर मोबाईलवर शोधून शोधून दमतं, कारण सगळीकडं एक तर रंगीत चित्रं नाहीतर डायरेक्ट मॅक्सवेलची समीकरणं, मधलं कायच नाही. ते मधलं इथं लिहितोय.

एक आधीच सांगतो, पटलं तर बघा. पहिल्या महिन्यात टू-डी, थ्री-डी आणि महागड्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागायचं नाही. वन-डी घ्या (एकाच दिशेनं एकावर एक रचलेले थर), कोड स्वतः लिहा, आणि कागदावर काढलेल्या आकड्याशी ग्राफ जुळल्याशिवाय पुढची पायरी चढू नका. व्हायवाला एक्स्टर्नल हमखास विचारतात, "हा पीक इथंच का आला?" त्याला "सॉफ्टवेअरनं दिला" हे उत्तर चालत नाही.

काय काय लागतं

- लॅपटॉप, कसलापण. वन-डीचा कोड ४ जीबी रॅमच्या जुन्या डब्यावरपण पळतो.
- पायथॉन, त्यात नमपाय आणि मॅटप्लॉटलिब. ऑक्टेव्ह नाहीतर सायलॅब येत असेल तर तेपण चालतंय, सगळं फुकट आहे.
- मटेरियलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स. रिफ्रॅक्टिव्हइंडेक्स डॉट इन्फो या साइटवर मिळतो. एकाच मटेरियलचे चार-पाच वेगळे सेट असतात, त्यातला कुठला घेतला ते त्याच दिवशी लिहून ठेवा, रिपोर्ट लिहिताना आठवत नाही.
- गाइडच्या सहीचा सिनॉप्सिस, आणि त्यात मटेरियल आणि वेव्हलेंथ रेंज स्पष्ट लिहिलेली. नुसतं "फोटॉनिक क्रिस्टलचा अभ्यास" असं मोघम लिहून सही घेतली की फेब्रुवारीत विषय वाढत जातो, हे ध्यानात ठेवा.
- शंभर पानी वही. हसू नका, लागते.

१. आधी डिफेक्ट नसलेला क्रिस्टल समजून घ्या

दोन मटेरियलचे थर आलटून पालटून रचले की झाला वन-डी फोटॉनिक क्रिस्टल. असल्या थरांचा अभ्यास लॉर्ड रॅलेनं १८८७ मध्येच केला होता. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन या दोघांनी वेगवेगळे पेपर लिहून हीच गोष्ट दोन-तीन दिशांना नेली आणि तिथनं या विषयाची गाडी सुटली. याब्लोनोविचला अणूतनं आपोआप बाहेर पडणारा लाइट थांबवायचा होता, जॉनला लाइट एका जागी अडकवायचा होता. इंट्रोडक्शनला एवढा इतिहास बास.

आता उदाहरण म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड (इंडेक्स २.३ धरा) आणि सिलिका (१.४५) घेऊ. पहिल्याला "ह" म्हणू, हाय इंडेक्सचा, आणि दुसऱ्याला "ल". ह आणि ल यांच्या एका सांध्यावरनं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास लाइट परत फिरतो. पण प्रत्येक थराची जाडी अशी ठेवली की इंडेक्स गुणिले जाडी म्हणजे वेव्हलेंथचा पाव भाग, तर सगळ्या सांध्यांवरनं परत येणाऱ्या लाटा एका तालात येतात, एकमेकींत मिळत जातात आणि पुढं जायला जवळजवळ कायच उरत नाही. ज्या वेव्हलेंथच्या पट्ट्यात हे घडतं तो बँड गॅप. लाइट शोषला जात नाही, परत फिरतो, हा फरक पहिल्या दिवशीच डोक्यात बसवा, कारण निम्म्या रिपोर्टमध्ये "क्रिस्टलनं लाइट अ‍ॅबसॉर्ब केला" असं लिहिलेलं असतं.

२. वहीत डिझाइन काढा

मधली वेव्हलेंथ ६०० नॅनोमीटर ठरवली. मग ह ची जाडी ६०० भागिले (४ गुणिले २.३), म्हणजे ६५.२ नॅनोमीटर. ल ची जाडी ६०० भागिले (४ गुणिले १.४५), म्हणजे १०३.४.

गॅप किती रुंद येणार तेपण कागदावरच कळतं. दोन इंडेक्सची वजाबाकी भागिले बेरीज करा, ०.८५ भागिले ३.७५, येतं ०.२२७. त्याचा साइन इन्व्हर्स रेडियनमध्ये घ्या आणि ४ भागिले पाय यानं गुणा, ०.२९ येतं. म्हणजे मधल्या फ्रिक्वेन्सीच्या २९ टक्के रुंद गॅप. वेव्हलेंथमध्ये बदललं की साधारण ५२४ ते ७०२ नॅनोमीटर. बघा, ६०० च्या डावीकडं ७६ आणि उजवीकडं १०२. गॅप फ्रिक्वेन्सीत दोन्हीकडं सारखा असतो, वेव्हलेंथमध्ये नसतो, त्यामुळं ग्राफ तिरका दिसला म्हणून कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

३. कोड लिहा

पद्धत ट्रान्सफर मॅट्रिक्स. प्रत्येक थराला एक दोन बाय दोनची मॅट्रिक्स. डेल्टा म्हणजे दोन पाय गुणिले इंडेक्स गुणिले जाडी भागिले वेव्हलेंथ. वरच्या ओळीत कॉस डेल्टा, आणि आय साइन डेल्टा भागिले इंडेक्स. खालच्या ओळीत आय गुणिले इंडेक्स गुणिले साइन डेल्टा, आणि कॉस डेल्टा. थर काचेवर बसवलेत आणि लाइट हवेतनं येतो असं धरा. लाइट ज्या क्रमानं थरांत शिरतो त्याच क्रमानं डावीकडनं उजवीकडं मॅट्रिक्स गुणत जायच्या. शेवटी १ आणि काचेचा इंडेक्स असा उभा कॉलम लावायचा. वर जे येईल ते बी, खाली येईल ते सी. ट्रान्समिशन म्हणजे चार गुणिले हवेचा इंडेक्स गुणिले काचेचा इंडेक्स, भागिले (हवेचा इंडेक्स गुणिले बी, अधिक सी) याच्या मॉड्युलसचा वर्ग. रिफ्लेक्शनला वर (हवेचा इंडेक्स गुणिले बी, वजा सी), खाली तेच अधिक चिन्हानं, आणि सगळ्याच्या मॉड्युलसचा वर्ग.

सगळा कोड तीस-चाळीस ओळींचा होतो. फसायच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत:

- नमपायमध्ये स्टार वापरून मॅट्रिक्स गुणली की ती घरागणिक गुणली जाते, मॅट्रिक्ससारखी नाही. अ‍ॅट-द-रेटचं चिन्ह वापरा. एरर येत नाही, ग्राफपण येतो, फक्त तो ग्राफ कशाचाच नसतो.
- एका ठिकाणी नॅनोमीटर आणि दुसऱ्या ठिकाणी मीटर. सगळीकडं नॅनोमीटर ठेवा, या कोडमध्ये मीटरची गरजच नाही.
- तिरका लाइट घेताना कोन डिग्रीत देणं. पायथॉनला रेडियन लागतात.
- शोषणाऱ्या मटेरियलचा इंडेक्स कॉम्प्लेक्स असतो, एन आणि के (के म्हणजे शोषणाचा भाग). वर दिलेल्या मॅट्रिक्सला एन वजा आय के असं द्यावं लागतं. अधिक दिलं की तुमचा थर लाइट शोषायच्या ऐवजी वाढवायला लागतो, आणि रिफ्लेक्शन अधिक ट्रान्समिशन एकाच्या वर जातं.

४. डिफेक्ट टाकायच्या आधी तीन तपासण्या

पहिली, एकपण थर न ठेवता नुसती काच. इंडेक्स १.५ असेल तर रिफ्लेक्शन ४ टक्के यायला पाहिजे. दुसरी, के शून्य असताना प्रत्येक वेव्हलेंथला रिफ्लेक्शन अधिक ट्रान्समिशन बरोब्बर एक. ०.९९९८ येत असेल तरी "चालतंय की" म्हणून सोडू नका, कुठंतरी घोळ आहे, कॉम्प्युटर एवढी मोठी चूक करत नाही. तिसरी, काचेवर हल च्या ५ जोड्या रचा आणि ६०० वर ट्रान्समिशन बघा. वहीतला हिशेब असा: (२.३ भागिले १.४५) चा वर्ग २.५१६, त्याचा पाचवा घात १००.८, गुणिले १.५ म्हणजे १५१. आता चार गुणिले १५१ भागिले १५२ चा वर्ग. येतं ०.०२६. ग्राफवर ६०० ला २.६ टक्के दिसले की कोड पास. १० जोड्या केल्या की ०.०२६ टक्के.

या तीन तपासण्या एका संध्याकाळच्या आहेत. एवढं केलं की पुढचं सगळं सरळ.

५. आता डिफेक्ट टाका

सगळ्यात साधा डिफेक्ट म्हणजे मधला एक ल थर काढून टाकायचा. मग दोन ह शेजारी येतात:

हलहलहलहलहल हह लहलहलहलहलह

हह ची मिळून जाडी अर्ध्या वेव्हलेंथची होते. ग्राफ काढा, ५२४ ते ७०२ मधल्या सपाट खड्ड्यात बरोबर ६०० ला एक बारीक सुळका उभा दिसेल. त्याची उंची ९६ टक्के.

ही ९६ कुठनं आली ते कागदावर बघा, यात खरी मजा आहे. अर्ध्या वेव्हलेंथचा थर ६०० ला असून नसल्यासारखा असतो, त्याची मॅट्रिक्स म्हणजे नुसतं वजा एक. म्हणून हह खोडा. खोडल्यावर काय शेजारी आलं? दोन ल. ते मिळून परत अर्धी वेव्हलेंथ, तेपण खोडा. मग परत हह. असं खोडत खोडत गेलं की सगळा क्रिस्टल संपतो आणि उरते कोरी काच, आणि कोऱ्या काचेतनं ९६ टक्के लाइट जातो. एक्स्टर्नलसमोर फळ्यावर हे करून दाखवलंत तर पुढचे प्रश्न निम्मे कमी होतात.

पण एवढे आरसे असताना लाइट जातो कसा, हा प्रश्न पडलाच पाहिजे. डिफेक्टच्या दोन्ही बाजूला ९८ टक्क्यांच्या आसपास परत फिरवणारे आरसे आहेत. आत शिरलेला थोडासा लाइट मधे फेऱ्या मारतो, आणि झोक्याला योग्य वेळी दिलेल्या छोट्या छोट्या धक्क्यांसारखा आत साठत जातो. साठलेल्या लाइटमधला काही भाग पुढच्या बाजूनं बाहेर पडतो आणि काही मागं येतो. मागं येणारी लाट पहिल्या आरशावरनं परत फिरलेल्या लाटेच्या बरोबर उलट तालात असते, दोघी एकमेकींना मारतात, रिफ्लेक्शन संपतं. संपलेलं रिफ्लेक्शन कुठं जाणार, ट्रान्समिशनमध्येच.

यासाठी दोन्ही आरसे सारखे पाहिजेत. दोन्हीकडं हवा धरून बघा: एका बाजूला एक जोडी जास्त टाकली की पीक १०० वरनं ८१ टक्क्यांवर येतो, दोन जोड्या जास्त टाकल्या की ४७ वर. खोडायची युक्ती इथंपण लागू होते, उरलेल्या जोडीचा हिशेब करून बघा.

६. पीक दिसत नसेल तर

सगळ्यात जास्त पोरं इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

वर सांगितलेल्या पाच-पाच जोड्यांच्या रचनेत पीकची रुंदी साधारण दीड नॅनोमीटर असते. दोन्ही बाजूला एकेक जोडी वाढवली की ती रुंदी अडीच पट कमी होते (परत तोच २.५१६). आठ-आठ जोड्यांना ०.१ नॅनोमीटर उरते.

आता समजा तुम्ही आठ-आठ जोड्या घेतल्या आणि नमपायच्या लिनस्पेसला ४०० ते ८०० मध्ये ४०० पॉइंट दिले. बरोबर वाटतंय ना? पण ४०० पॉइंटमध्ये मोकळ्या जागा ३९९, त्यामुळं पॉइंट पडतात ५९९.५ ला आणि ६००.५ ला, ६०० वर पडतच नाही. ०.१ रुंदीच्या पीकपासनं अर्धा नॅनोमीटर लांब गेलं की ट्रान्समिशन एक टक्का उरतं. ग्राफमध्ये पीक नाही. डिफेक्ट टाकूनपण काय होत नाही असा निष्कर्ष काढायला तुम्ही मोकळे. तेच ४०१ पॉइंट दिले की ६०० वर पॉइंट पडतो आणि पीक ९६ टक्के उभा, पण एकाच पॉइंटचा, त्रिकोणी. त्याची रुंदी मोजाल तर येते एक नॅनोमीटर, आणि ती क्रिस्टलची नसून तुमच्या स्टेपची असते. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ग्राफ बरोबर दिसतो आणि क्यू फॅक्टरचं (पीकची वेव्हलेंथ भागिले त्याची रुंदी) टेबल आख्खं चुकतं.

उपाय साधा आहे. आधी जाड स्टेपनं पूर्ण रेंज बघा, मग पीकच्या आजूबाजूच्या दोन-तीन नॅनोमीटरमध्ये ०.००१ च्या स्टेपनं परत चालवा. पीकच्या अर्ध्या उंचीच्या वर किमान दहा-बारा पॉइंट असल्याशिवाय क्यू लिहायचा नाही.

७. डिफेक्ट बदलत जा, इथं प्रोजेक्टला वजन येतं

नुसता एक पीक दाखवून प्रोजेक्ट होत नाही. एक गोष्ट हळूहळू बदलायची आणि पीक कुठं सरकतो ते बघायचं.

जाडी. मधल्या ह थराची जाडी पाव वेव्हलेंथपासनं वाढवत न्या. पाव असताना डिफेक्टच नाही. वाढवायला लागलं की पीक गॅपच्या ५२४ कडच्या काठानं आत शिरतो, अर्ध्या वेव्हलेंथला ६०० वर येतो आणि पुढं लालकडं सरकत ७०२ कडं निघून जातो. उलट जाडी कमी करत शून्यावर नेली तर पीक लाल काठानं शिरतो आणि परत ६०० वर येतो, कारण आता मधे लल झालं. १९९१ मध्ये याब्लोनोविच आणि जोआनोपोलस यांच्या मंडळींनी या दोन प्रकारांना सेमिकंडक्टरवरनं डोनर आणि अ‍ॅक्सेप्टर मोड अशीच नावं दिली. सेमिकंडक्टर शिकलेल्या माणसाला लगेच कळतंय. जाडी एका अक्षावर, वेव्हलेंथ दुसऱ्या अक्षावर आणि ट्रान्समिशन रंगात असा एकच ग्राफ काढा, वीस वेगळ्या ग्राफपेक्षा तो बरा.

जाता जाता एक आकडा: ६०० ला असताना फक्त डिफेक्ट थराची जाडी १ टक्का वाढवली तर पीक दोन नॅनोमीटरच्या आसपास सरकतो. आणि सगळेच थर १ टक्का जाड झाले तर पूर्ण ६ नॅनोमीटर. पहिल्या केसमध्ये कमी का, तर लाइटची सगळी एनर्जी डिफेक्टमध्ये नसते, बरीचशी शेजारच्या थरांत पसरलेली असते.

कोन. लाइट तिरका पडला की पीक निळ्याकडं सरकतो. ३० अंशाला वीसेक नॅनोमीटर. दोन पोलरायझेशनला वेगळं वेगळं चालवायला विसरू नका, पीक दुभंगतो. लाल सोडून निळ्याकडंच का, याचं उत्तर कॉस थीटामध्ये आहे, तेवढं स्वतः काढा.

दोन डिफेक्ट. मधे चार-पाच जोड्या ठेवून दोन डिफेक्ट टाकले की एका पीकचे दोन होतात. मधल्या जोड्या कमी केल्या की दोन पीक लांब जातात, वाढवल्या की जवळ येतात. असे डिफेक्ट रांगेनं टाकत गेलं की पीकांचा बारीक पट्टा तयार होतो आणि लाइट एका डिफेक्टवरनं दुसऱ्यावर उड्या मारत पुढं जातो. १९९९ मध्ये यारिव्ह यांच्या ग्रुपनं यावर वेव्हगाइडची कल्पना मांडली. वेळ असेल तर हा भाग घ्याच.

८. खऱ्या मटेरियलचा हिशेब

के शून्य धरून सगळं छान दिसतं. आता फक्त डिफेक्ट थराला के बरोबर ०.००१ द्या. एवढासाच. पाच-पाच जोड्यांना पीक ९६ वरनं ७५ टक्क्यांच्या आसपास येईल. आठ-आठ जोड्यांना तो साधारण १० टक्क्यांवर कोसळेल. लाइट जितका जास्त वेळ आत फिरतो तितका जास्त शोषला जातो, म्हणून "जोड्या वाढवल्या की फिल्टर चांगला होतो" हे वाक्य रिपोर्टमध्ये अटीशिवाय लिहू नका. उलट बघितलं तर हीच गोष्ट सेन्सरला उपयोगी आहे, डिफेक्टमध्ये काय बदललंय ते पीक लगेच सांगतो.

दुसरं, थरांची जाडी कधीच अचूक येत नाही. प्रत्येक थराला २ टक्क्यांपर्यंत रँडम चूक देऊन कोड परत परत चालवा. इथं एक चकवा आहे: अशा शंभर रनची सरासरी काढली की एक बुटका, रुंद पीक मिळतो आणि लोक लिहितात की डिसऑर्डरमुळं पीक रुंद झाला. प्रत्यक्षात प्रत्येक रनमध्ये पीक बारीकच असतो, फक्त दर वेळी वेगळ्या जागी असतो, आणि आरसे सारखे राहत नाहीत म्हणून थोडा बुटका होतो. सरासरीबरोबर चार-पाच सुट्टे रनपण छापा. डिसऑर्डर वाढवत नेला की शेवटी गॅपचे काठ विरघळतात आणि भलत्याच ठिकाणी सुळके उगवतात. सजीव जॉनचा १९८७ चा पेपर याच वाटेवरचा होता.

९. टू-डीला जायचंच असेल तर

वन-डी पक्कं झाल्यावर जा. मीप आणि एमपीबी ही दोन सॉफ्टवेअरं एमआयटीत तयार झाली, फुकट आहेत. एमपीबी मोड काढून देतं, मीप ट्रान्समिशन. पायथॉनवालं मीप विंडोजवर सरळ बसत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून त्यात कोंडा-फोर्ज या पॅकेजच्या साठ्यावरनं घ्या. यूट्यूब बघून विंडोजवर बसवत दोन दिवस घालवू नका.

नेहमीचं उदाहरण म्हणजे चौकोनी जाळीत उभ्या काड्या, काडीची त्रिज्या दोन काड्यांमधल्या अंतराच्या ०.२ पट आणि डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट १२. एक काडी काढली की गॅपमध्ये ०.३८ च्या जवळ मोड येतो. या ०.३८ ला युनिट नाही म्हणून गोंधळ होतो. मीपमध्ये लाइटचा वेग १ आणि जाळीचं अंतर १ धरलेलं असतं, वेव्हलेंथ म्हणजे जाळीचं अंतर भागिले हा आकडा. १.५५ मायक्रॉनला पीक पाहिजे असेल तर अंतर १.५५ गुणिले ०.३८, म्हणजे ५८९ नॅनोमीटर.

फसायच्या जागा: एमपीबीमध्ये पाच बाय पाचची सुपरसेल (मधे डिफेक्ट असलेला जाळीचा मोठा तुकडा) घेतली की बँड घडी होऊन २५ पट दिसतात, डिफेक्टचा मोड पंचविसावा असतो, आणि आठच बँड काढून "मोड सापडला नाही" म्हणायचं नसतं. मीपमध्ये रिकाम्या रननं भागल्याशिवाय ट्रान्समिशन मिळत नाही. आणि क्यू जास्त असेल तर आतला लाइट बाहेर पडायला फार वेळ लागतो. रन लवकर तोडला की ग्राफला लाटा येतात, कुठं कुठं ट्रान्समिशन एकाच्या वर जातं. क्यू काढायला मीपमधलं हार्मइन्व्ह वापरा, ते सिग्नलमधनं फ्रिक्वेन्सी आणि क्यू काढून देतं. रात्री रन लावून झोपणार असाल तर डेटा मधनं मधनं सेव्ह होतोय ना बघा, पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

डिफेक्ट किती नाजूक असतो याचं एक उदाहरण रिपोर्टला घ्या. क्योतोच्या नोदा यांच्या ग्रुपनं २००३ मध्ये सिलिकॉनच्या पातळ पत्र्यातली तीन भोकं ओळीत बुजवून डिफेक्ट केला, आणि त्या ओळीच्या दोन टोकांची भोकं जाळीच्या अंतराच्या फक्त ०.१५ पट बाहेर सरकवली. क्यू ४५,००० वर गेला. लाइट एकदम कापल्यासारखा न थांबवता काठावर हळू उतरवला, एवढंच केलं होतं.

१०. प्रत्यक्ष बनवून मोजायचं असेल तर

आपल्या विद्यापीठाच्या फिजिक्सला थिन फिल्मच्या कामाची जुनी परंपरा आहे, त्यामुळं कुणीतरी "सोल-जेलनं करून बघ की" म्हणणारच (म्हणजे द्रावण पसरून, भाजून थर बनवायची पद्धत). करा, पण वेळ बघून. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडला ओलावा लागला की लगेच पांढरं होतं, आणि कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत दुसरं काय असतंय? शक्यतो डिसेंबर ते मार्च हा भाग उरका. प्रत्येक थर भट्टीत भाजायचा, साधी स्लाइड ५०० डिग्रीच्या वर नेऊ नका, आणि थर वाढत गेले की तडे जातात म्हणून पहिल्यांदा तीन-तीन जोड्यांवरच थांबा. सोल-जेलच्या फिल्ममध्ये बारीक पोकळ्या राहतात, तिचा इंडेक्स २.३ येत नाही, कमी येतो. एक सुटा थर बनवून मोजा आणि तो आकडा कोडमध्ये घाला. स्पिन कोटरची (स्लाइड गरगर फिरवून द्रावण पसरवणारं यंत्र) चकती पाहिजे असेल तर उद्यमनगरात लेथवर करून मिळते, ड्रॉइंग मात्र मापासकट घेऊन जा.

पोरस सिलिकॉनचा रस्ता पेपरमध्ये सोपा वाटतो, त्यात हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड आहे. ते अंगावर पडलेलं लगेच दुखतपण नाही आणि हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, वेगळे ग्लोव्ह्ज आणि शिकवणारा माणूस शेजारी नसेल तर तिकडं फिरकायचं नाही. मार्क गेले तरी चालतील.

मोजायला यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. डिपार्टमेंटचं पत्र आणि स्लॉट आधी घ्या, परीक्षेच्या तोंडावर रांग असते. मशीनची स्लिट सेटिंग बघा. स्लिट २ नॅनोमीटरची आणि पीक ०.१ चा असेल तर पीक पसरून दिसेनासा होतो, म्हणून मोजायच्या सॅम्पलला जोड्या कमीच ठेवा. बीमचा डाग मोठा असेल तर फिल्मची जाडी जिथं जिथं बदलते ते सगळे पीक एकत्र मिसळतात, काळ्या कागदाला छोटं भोक पाडून सॅम्पलवर लावा, सिग्नल कमी होईल पण पीक सुधारेल.

शेवटचं बेसलाइनचं. कोडमध्ये काच अनंत जाड धरलेली असते, खऱ्या स्लाइडला मागची बाजूपण असते आणि तिथनं आणखी ४ टक्के परत फिरतात. म्हणून बेसलाइन हवेवर घेऊन आधी कोरी स्लाइड लावा. ९२ च्या आसपास रीडिंग आलं की मशीन ठीक, मग सॅम्पल लावा, आणि कोडमधल्या ९६ ची तुलना ९२ शीच करा. बेसलाइन कोऱ्या स्लाइडवर घेतली असेल तर तसं ग्राफच्या खाली लिहा, नाहीतर ट्रान्समिशन १०० च्या वर का गेलं हे समजावण्यातच व्हायवाची वेळ जाते.